दोन रंगांचा ओव्हरकॉल: ताकद किती हवी?

या वेळी आलेल्या ब्रिजच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. प्रतिपक्षाने एका रंगाची सलामी, म्हणजे पहिली बोली, दिल्यावर आपल्याकडे पाच-पाच पानांचे दोन रंग असतील, तर ते एकाच ओव्हरकॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या सलामीवरच्या आपल्या बोलीत, दाखवण्यासाठी नेमकी किती ताकद असावी, असा हा प्रश्न आहे. नवीन वाचकांसाठी आधी बोलींची उजळणी करतो. ताकद पॉइंटांत मोजतात: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. बोलीतला आकडा म्हणजे सहाच्या वर किती हात (पानांच्या फेऱ्या) जिंकायचे ते. इस्पिक आणि बदाम हे मेजर रंग, चौकट आणि किलवर हे मायनर, आणि नोट्रंप म्हणजे हुकुमाविना खेळ. एक किलवर किंवा एक चौकट यांवर त्याच रंगाचे दोन बोलले, तर दोन्ही मेजर रंग दाखवले जातात. एक बदामावर दोन बदाम म्हणजे इस्पिक आणि एक मायनर, तर एक इस्पिकावर दोन इस्पिक म्हणजे बदाम आणि एक मायनर. याला मायकेल्स क्यूबिड म्हणतात; क्यूबिड म्हणजे प्रतिपक्षाचाच रंग बोलणे. कोणत्याही सलामीवर उडी मारून बोललेले दोन नोट्रंप म्हणजे न बोललेल्या रंगांपैकी खालचे दोन रंग, आणि मेजरच्या सलामीवर ते अर्थातच दोन्ही मायनर असतात.

प्रश्न: आम्ही आणि प्रतिपक्ष, दोघेही व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे असलेल्या स्थितीत) होतो. उजवीकडून एक किलवर आले. माझी पाने अशी होती: इस्पिक गुलाम, ८, ६, ४, २; बदाम राणी, ७, ५, ३, २; चौकट राजा, ४; किलवर एकटा राजा. पाच-पाच मेजर आणि ९ पॉइंट म्हणून मी दोन किलवर बोललो. डावीकडून डबल, म्हणजे गुण आणि दंड वाढवणारी बोली, आले, भिडूने दोन इस्पिक सांगितले, त्यावरही डबल झाले आणि तीन हात कमी पडून ८०० गेले. दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर प्रतिपक्षाने दोन नोट्रंप करून १२० घेतले. पुस्तकी नियमानुसार ८ पॉइंट पुरेसे असताना चूक कोठे झाली? (नाशिकचे एक वाचक)

उत्तर: आपण पॉइंट बरोबर मोजलेत, पण ते कोठे आहेत हे पाहिले नाही, आणि या बोलीत खरा प्रश्न तोच असतो. आपल्या ९ पॉइंटांपैकी ६ पॉइंट चौकट आणि किलवर या आखूड रंगांत अडकले आहेत. त्यातही प्रतिपक्षाने बोललेल्या रंगातला एकटा राजा एक्क्याखाली पडण्याची शक्यता मोठी, म्हणून त्याचे तीन पॉइंट मी जवळजवळ शून्य धरतो. उरलेल्या दहा पानांत, म्हणजे जे दोन रंग आपण मोठ्या आवाजात जाहीर केले त्यांत, एक राणी आणि एक गुलाम एवढीच मोठी पाने आहेत. भिडूकडे इस्पिकाची तीन किरकोळ पाने असतील, तर हुकुमाचे किती हात होतील याची कोणालाच शाश्वती देता येणार नाही.

याच्या शेजारी ही पाने ठेवून पाहा: इस्पिक राजा, राणी, १०, ८, ३, बदाम राणी, गुलाम, ९, ७, ५, चौकट ६, २, किलवर ४. येथे पॉइंट ८, म्हणजे आपल्यापेक्षा एक कमी, पण ते सगळेच्या सगळे दोन लांब रंगांत आहेत. मधली पानेही भरीव आहेत. इस्पिक हुकूम झाले, तर भिडूकडून फारशी मदत न मिळताही चार हातांच्या आसपास हुकुमाचे आणि एक-दोन बदामाचे असे पाच-सहा हात दिसतात. या पानांवर मी व्हल्नरेबल असतानाही दोन किलवर बोलेन. आपल्या पानांवर व्हल्नरेबल असताना मी पास म्हणेन, आणि दोघेही नॉन-व्हल्नरेबल असलो तरी बहुधा पासच म्हणेन.

म्हणून मोजण्याची रीत थोडी बदलावी, असे सुचवतो. आधी फक्त दोन लांब रंगांतले पॉइंट मोजावेत आणि आखूड रंगांतल्या राजा-राण्यांना खालच्या मर्यादेसाठी हिशोबात धरू नये. आखूड रंगातला एक्का तेवढा पूर्ण धरावा. नॉन-व्हल्नरेबल असताना दोनच्या पातळीवर असे ६ किंवा ७ पॉइंट चालतात. व्हल्नरेबल असताना ८ ते १० हवेत, आणि दोन्हींपैकी एकही रंग नुसत्या गुलामावर उभा नसावा. दहा आणि नऊ या पानांना पॉइंट नसतात, पण डबल झालेल्या डावात एक हात वाचवणारी तीच असतात. पाच-पाचऐवजी सहा-पाच पाने असतील तर एक-दोन पॉइंट कमी असले तरी हरकत नाही, कारण सहाव्या पानाचा हात राणीपेक्षा भरवशाचा असतो.

एक गोष्ट आपल्या बाजूने सांगायला हवी. भिडूकडे चार इस्पिके आणि बदामाचा राजा असता, तर हीच बोली टेबलावर चमकली असती. परंतु व्हल्नरेबल असताना भिडूकडे नेमके काय असेल या आशेवर बोली उभी करणे महाग पडते. येथे १२० च्या जागी ८०० गेले, म्हणजे ६८० गुणांचा फरक झाला. संघांच्या स्पर्धेत एकाच डावात त्याचे १२ इम्प (फरकावरून ठरणारे स्पर्धेचे गुण) होतात, आणि ते भरून काढायला एखादे चुकलेले गेमही (मोठा बोनस देणारी बोली) पुरत नाही.

प्रश्न: आमच्या क्लबमध्ये दोन पक्ष आहेत. काहींच्या मते ही बोली एकतर कमकुवत, म्हणजे साधारण ६ ते १० पॉइंट, किंवा प्रबळ, म्हणजे १६ च्या वर, अशीच असावी. मधल्या पानांवर आधी एक रंग बोलून मग दुसरा सांगावा. इतरांच्या मते पाच-पाच पाने असली की ताकद कोणतीही असो, सरळ बोलावे. आपले मत काय? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर: वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना चांगले खेळाडू आहेत. माझे मत मात्र सगळ्या बोलींसाठी एकच नाही. कोणत्या सलामीवर कोणती बोली आहे, यावर ते अवलंबून आहे.

आधी दुभंगलेल्या मर्यादेचा, म्हणजे फक्त कमकुवत किंवा प्रबळ पानांवरच बोलण्याच्या रीतीचा, हेतू पाहू. पूर्वी प्रतिपक्षाचाच रंग बोलणे म्हणजे गेमपर्यंत थांबायचे नाही इतकी प्रचंड पाने असा अर्थ होता. अशी पाने इतकी क्वचित येतात की बोली जवळजवळ रिकामीच पडून राही. मायामी बीचच्या माइक मायकेल्स यांनी ती दोन रंगांसाठी वापरात आणली. त्याआधी १९४८ च्या सुमारास अॅल रॉथ यांनी दोन नोट्रंपची बोली मायनर रंगांसाठी रुजवली होती. पण या बोलीनंतर भिडूला लगेच रंग निवडावा लागतो. समोर ७ पॉइंट आहेत, १३ आहेत की १८, हे कळले नाही, तर आपल्या आठ-नऊ पॉइंटांचे काय करायचे हे त्याला ठरवता येत नाही. मधली पाने वगळली की त्याचे काम सोपे होते: तो समोर कमकुवत पाने धरून निवड करतो, आणि बोली लावणारा भिडूच्या साध्या निवडीनंतर आपणहून पुन्हा बोलला, तर ती प्रबळ पाने आहेत हे दोघांनाही कळते. उदाहरणार्थ, इस्पिक एक्का, राजा, गुलाम, १०, ४; बदाम एक्का, राणी, १०, ८, ६; चौकट एकटा एक्का; किलवर ५, ३. हे १८ पॉइंट. एक किलवरवर दोन किलवर, भिडूचे दोन इस्पिक, आणि आता आपण तीन इस्पिक. भिडूकडे एखादे उपयोगी मोठे पान असेल तर तो गेम बोलेल, आणि अगदीच रिकामा असेल तर पास म्हणेल. कमकुवत पाने असलेल्याने मात्र ही तिसरी बोली कधीही करू नये. मनात नसताना भिडूला गेममध्ये ढकलण्याचा हा हमखास मार्ग आहे.

आता मधली पाने घ्या: इस्पिक एक्का, राणी, ९, ७, ६, बदाम राजा, गुलाम, १०, ८, ४, चौकट राजा, ३, किलवर ५. हे १३ पॉइंट. सलामी एक किलवर. दुभंगलेल्या मर्यादेचे लोक एक इस्पिक बोलतात आणि पुढे बदाम सांगण्याचा बेत करतात. प्रतिपक्ष शांत राहिला तर बेत उत्तम साधतो. पण डावीकडून तीन किलवर आले, तर तीनच्या पातळीवर बदाम सांगावे लागतात. चार किंवा पाच किलवर आले, तर बदाम सांगणे जवळजवळ जुगार होऊन बसते. भिडूकडे एकच इस्पिक आणि पाच बदाम असतील, तर दहा पानी बदाम कोणाला न कळताच डाव संपतो. हल्ली बहुतेक जोड्या आपल्या भिडूच्या मायनर सलामीला लांब रंगाच्या जोरावर झटपट वर नेतात, त्यामुळे ही भीती केवळ कागदावरची राहिलेली नाही.

म्हणून मायनर सलामीवर, दोन्ही मेजर दाखवताना, मी मर्यादा दुभंगत नाही. खालच्या मर्यादेपासून वर कितीही पॉइंट असले तरी बोलावे असे मी मानतो. याचे कारण यंत्रणेतच आहे. येथे दोन्ही रंग आधीच ठाऊक असल्यामुळे भिडूच्या दोन नोट्रंप या बोलीला दुसरे काम नाही. ती ताकद विचारण्यासाठी मोकळी ठेवता येते. साधी योजना अशी करता येईल की भिडूने दोन नोट्रंप विचारल्यावर किमान पाने असतील तर तीन किलवर, मधली असतील तर तीन चौकट, आणि प्रबळ असतील तर दोन मेजरपैकी जो चांगला तो. भिडूला गेमची आशा असेल तेव्हाच तो विचारेल, नाहीतर मुकाट्याने दोन बदाम किंवा दोन इस्पिक सांगेल.

मेजर सलामीवर परिस्थिती उलटी आहे. एक बदामावर दोन बदाम बोलल्यावर इस्पिक ठाऊक असते, पण मायनर कोणता ते ठाऊक नसते. दोन नोट्रंप ही बोली मूळ पद्धतीत मायनर विचारण्यात खर्ची पडते, ताकद विचारायला जागा उरत नाही, आणि भिडूला इस्पिक नको असेल तर आपण तीनच्या पातळीवर पोचलेलो असतो. येथे मर्यादा दुभंगणे मला शहाणपणाचे वाटते. शिवाय मधल्या पानांवर एक इस्पिक बोलून पुढे मायनर सांगण्यात तितका धोका नाही, कारण इस्पिक हा वरचा रंग असल्याने आपण क्वचितच गप्प बसवले जातो. काही जोड्या तीन किलवरला ‘हा तुमचा मायनर असेल तर पास, नसेल तर दुरुस्त करा’ असा अर्थ देतात आणि दोन नोट्रंप चांगल्या पानांसाठी राखून ठेवतात. हा तोडगा चांगला आहे. तो वापरणाऱ्यांनी येथेही सलग मर्यादा ठेवली तरी चालेल.

एकदा पास म्हणून बसलेल्या खेळाडूच्या बाबतीत हा वादच मिटतो. त्याच्याकडे प्रबळ पाने असूच शकत नाहीत, त्यामुळे भिडूने निःशंकपणे निवड करावी.

प्रश्न: एक इस्पिकावर दोन मायनर दाखवणाऱ्या दोन नोट्रंपला व्हल्नरेबिलिटीचे इतके महत्त्व का दिले जाते? आणि डाव प्रतिपक्षाकडेच गेला, तर बोलल्याने आपले काय बिघडले? (मुंबईचे एक वाचक)

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. ही बोली भिडूला सरळ तीनच्या पातळीवर नेते आणि आपले रंग प्रतिपक्षाच्या इस्पिकापेक्षा खालचे असतात. म्हणजे बहुतेक वेळा डाव जिंकणे हा हेतू नसतो. त्यांच्या चार इस्पिकांवर पाच किलवर किंवा पाच चौकट बोलून थोडा दंड देऊन स्वस्तात सुटणे, म्हणजे बलिदान, हा असतो. ते व्हल्नरेबल आणि आपण नॉन-व्हल्नरेबल असलो, तर त्यांचे चार इस्पिक ६२० चे, आणि डबल होऊन आपण तीन हात कमी पडलो तरी ५०० च जातात. दोघेही नॉन-व्हल्नरेबल असलो, तर त्यांना ४२० मिळतात आणि आपल्याला दोनच हात कमी पडणे परवडते, कारण दोन हातांचे ३०० आणि तीन हातांचे ५०० होतात. दोघेही व्हल्नरेबल असलो तर ६२० विरुद्ध दोन हातांचे ५००. आणि फक्त आपणच व्हल्नरेबल असलो, तर एक हात कमी पडला की २००, दोन पडले की ५००, आणि त्यांचे गेम तर ४२० चेच. म्हणजे पाचच्या पातळीवर दहा हात आपले स्वतःचे दिसले पाहिजेत. दहा हात दिसत असतील, तर ती पाने बलिदानाची राहत नाहीत. म्हणूनच या शेवटच्या स्थितीत मी दोन नोट्रंपसाठी सलामीच्या तोडीची पाने मागतो, तर पहिल्या स्थितीत राजा-गुलाम-१० आणि राणी-गुलाम-९ अशा दोन भरीव रंगांवरही आनंदाने बोलतो.

जोड्यांच्या स्पर्धेत आणखी एक पथ्य पाळावे लागते. प्रतिपक्ष नुसत्या पार्टस्कोअरवर (गेमखालच्या बोलीवर), म्हणजे ११० किंवा १४० वर थांबणार असेल, तर डबल होऊन २०० देणे म्हणजे जवळजवळ शून्य गुण.

दुसऱ्या प्रश्नाकडे फारच थोडे लोक लक्ष देतात, म्हणून एक डाव जवळून पाहू. दक्षिणेने एक इस्पिक सलामी दिली, पश्चिमेने कमकुवत पानांवर दोन नोट्रंप बोलले, उत्तरेने चार इस्पिक सांगितले आणि डाव तेथेच थांबला. दक्षिणेकडे इस्पिक राजा, गुलाम, ९, ६, २ आहेत. डमीत, म्हणजे टेबलावर उघड्या मांडलेल्या उत्तरेच्या पानांत, एक्का, १०, ७, ५. बाहेर राणी, ८, ४, ३ ही चार पाने आहेत. काहीच माहिती नसती, तर नऊ हुकूम हाती असलेला खेळाडू एक्का आणि राजा खेळून राणी पडण्याची वाट पाहतो, आणि पूर्वेकडे राणीसह तीन पाने असतील तर एक हात गमावतो. पण पश्चिमेने दहा मायनर पाने जाहीर केली आहेत, म्हणजे दोन्ही मेजर मिळून त्याच्याकडे जास्तीत जास्त तीन पाने. तो बदामाच्या दोन फेऱ्यांना पान देतो आणि दक्षिणेचा हिशोब पूर्ण होतो: त्याच्याकडे इस्पिक फार तर एक. दक्षिण डमीतला एक्का खेळतो, पश्चिमेचे एकटे पान पडते, मग डमीतून १० पुढे करतो. पूर्वेने लहान पान टाकले तर १० तसाच सोडून देतो. राणी घातली तर राजाने घेतो. राणी कोणत्याही परिस्थितीत वाचत नाही. जो डाव एका हाताने बुडणार होता, तो पश्चिमेच्या बोलीमुळे झाला.

त्यामुळे ताकदीची खालची मर्यादा केवळ डबलच्या भीतीपोटी ठेवायची नसते. डाव आपल्याकडे येण्याची किंवा परवडणाऱ्या बलिदानाची खरी शक्यता नसेल, तर आपण प्रतिपक्षाला आपली पाने उघडी करून दाखवलेली असतात. विस्कळीत पाच-पाच पानांवर बोलणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

प्रश्न: माझ्या भिडूने एक किलवरवर दोन किलवर बोलल्यावर, १० पॉइंट असतानाही मी फक्त दोन बदाम सांगितले, म्हणून तो नाराज झाला. माझी पाने: इस्पिक ७, २, बदाम ८, ३, चौकट राजा, राणी, गुलाम, ७, ५, किलवर राजा, गुलाम, ८, ६. (कोल्हापूरचे एक वाचक)

उत्तर: आपली बोली अगदी योग्य होती. भिडूकडे पहिल्या उत्तरात दिलेली ८ पॉइंटांची पाने होती असे समजा. आपल्या चौकटीच्या राजा-राणी-गुलामासमोर त्याची दोन किरकोळ पाने आहेत आणि किलवरसमोर एकच. आपले दहाच्या दहा पॉइंट त्याला नको असलेल्या जागी आहेत आणि हव्या असलेल्या जागी एकही नाही.

याउलट ही पाने पाहा: इस्पिक एक्का, ९, ६, ४, बदाम राजा, ३, चौकट १०, ७, ३, किलवर ८, ७, ५, २. पॉइंट अवघे ७. पण त्याच भिडूसमोर इस्पिकात सहसा एकही हात जात नाही, बदामात फक्त एक्का जातो, चौकटीत दोन आणि किलवरमध्ये एक. एकूण १५ पॉइंटांवर नऊ हात होतात! चार इस्पिक बोललात आणि डबल झाले, तरी नॉन-व्हल्नरेबल असताना १०० च जातील, आणि प्रतिपक्षाकडे २५ पॉइंट असल्याने त्यांचे गेम बहुधा हुकलेले असेल. म्हणून उत्तर देणाऱ्याने भिडूच्या दोन रंगांतली मोठी पाने, बाहेरचे एक्के आणि हुकुमाची लांबी एवढेच मोजावे. चौथा हुकूम मिळाला की लगेच उडी मारावी, म्हणजे प्रतिपक्षाला आपापसांत बोलायला जागा उरत नाही.

प्रश्न: सलामीनंतर दोन पास होऊन बोली माझ्याकडे आली, तर याच बोली तशाच चालतात का? (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर: नाही. सलामी देणाऱ्याचा भिडू पास झाला आहे, म्हणजे त्यांच्याकडे गेम असण्याची शक्यता थोडी, आणि अडवायला कोणी उरलेले नाही. कमकुवत पानांवर आता पास म्हटले तर त्यांचा डाव एकच्या पातळीवर संपतो, आणि बोललो तर त्यांना चांगला रंग शोधण्याची दुसरी संधी मिळते. म्हणून येथे क्यूबिड दोन रंगांचाच राहिला, तरी त्याची खालची मर्यादा सलामीच्या तोडीची ठेवावी. दोन नोट्रंप तर बहुतेक जोड्या येथे नैसर्गिकच खेळतात: सर्व रंग सांभाळलेली, साधारण १९ ते २१ पॉइंटांची सपाट पाने. भिडूशी हे ठरलेले नसेल, तर मायनर दाखवण्यासाठी ही बोली या जागी वापरू नये.